थेसिसची शेवटची दोन पानं: पदव्युत्तर मार्गदर्शकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतले पदव्युत्तर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि सिनॉप्सिस (थेसिसचा आराखडा) मंजूर करणाऱ्या वैज्ञानिक समित्यांचे सदस्य यांस

स. न. वि. वि.

मी जीवसांख्यिकी शिकवतो आणि परीक्षक म्हणून थेसिस वाचतो. पीएसएमचे (सामाजिक आणि प्रतिबंधात्मक वैद्यकशास्त्राचे) जास्त, पण मेडिसिन, बालरोग, मानसोपचार, स्त्रीरोग यांचेही येतात. बहुतेकांच्या शीर्षकाला शेपूट एकच असतं: ‘अ क्रॉस-सेक्शनल स्टडी’, म्हणजे माणसांना एकदाच गाठून एका वेळी केलेली पाहणी. त्या शेपटाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटच्या दोन पानांबद्दल. ‘लिमिटेशन्स’ या मथळ्याखाली एक ठरलेलं वाक्य असतं, की अभ्यास क्रॉस-सेक्शनल असल्याने कार्यकारणसंबंध सांगता येत नाही. पान उलटलं की ‘रेकमेंडेशन्स’ सुरू होतात, आणि तिथे अमुक कमी करा म्हणजे तमुक आजार घटेल असे सात-आठ उपाय छातीठोकपणे मांडलेले असतात. सिनेमाआधी पडद्यावर तंबाखूचा इशारा येतो ना, तसं ते वाक्य येऊन जातं, आणि पुढच्याच दृश्यात नायक सिगरेट पेटवतो.

रेसिडेंटला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याने मागच्या बॅचचा थेसिस उघडून ते वाक्य उचललेलं असतं, त्या बॅचने त्याच्या मागच्या बॅचचं. खाली सही मार्गदर्शकाची असते, आणि सिनॉप्सिसवर शिक्का समितीचा. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी या पद्धतीला तिचं श्रेय देऊ. 1989 साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोली जिल्ह्यातली दोन गावं, 650 स्त्रिया. त्रास असो वा नसो, गावातल्या बायकांना बोलावून तपासलं. 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच सरकारी कार्यक्रमांना ठाऊक होतं. हा अभ्यास क्रॉस-सेक्शनलच होता. दवाखान्यात बसून तो आकडा कुणालाही सापडला नसता, कारण त्या बायका दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या. ‘किती जणींना आहे?’ असा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मिळवायचा रास्त मार्ग हाच: ठरलेल्या वस्तीत जा, सगळ्यांना गाठा, एका वेळी मोजा.

तेव्हा ही पद्धत हलकी आहे, असं माझं म्हणणं मुळीच नाही. ‘किती’ मोजायला नेलेल्या अभ्यासाकडून परतताना ‘का’चं उत्तर मागितलं जातं, तिथे घोळ होतो.

कुठल्याही मधुमेहाच्या ओपीडीबाहेर उभे राहा आणि शंभर जणांना विचारा, चहात साखर घालता का? बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यांत मधुमेही जास्त निघतील, पी व्हॅल्यू 0.001च्या खाली येईल, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा वाटणार नाही. यावरून कुणी ‘चहात साखर घाला’ अशी शिफारस करणार नाही, कारण साखर आजारानंतर बंद झाली हे आपल्याला आधीच माहीत आहे. पण स्क्रीन टाइम आणि नैराश्य, झोप आणि लठ्ठपणा, व्यायाम आणि गुडघेदुखी या जोड्यांत आधी काय झालं हे आपल्याला तितकं पक्कं माहीत नसतं. खिन्न झालेला मुलगा मोबाईलमध्ये तोंड खुपसतो की मोबाईलमुळे खिन्न होतो, की घरातल्या भांडणांमुळे दोन्ही? एका दुपारी भरून घेतलेल्या गुगल फॉर्ममध्ये या तिन्ही गोष्टींचा काय-स्क्वेअर (संबंध तपासणारी चाचणी) सारखाच येतो.

ब्रॅडफर्ड हिल यांनी 1965 साली कार्यकारणसंबंध पारखण्याचे नऊ निकष मांडले. ते तुम्ही दर वर्षी शिकवता. त्यातले आठ वाकवता येतात, त्यांना अपवाद असू शकतात. कारण आधी, परिणाम नंतर, हा एक मात्र वाकत नाही. आणि एका भेटीत भरलेल्या प्रोफॉर्मात (प्रश्नावलीत) नेमका तोच सहसा नसतो.

बीडचं उदाहरण घेतो, कारण त्या विषयावरचे सिनॉप्सिस आता वारंवार दिसतात. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल 2019 मध्ये बातम्या आल्या आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. सहांत एक. हा आकडा ‘किती’चा आहे आणि म्हणूनच त्याने विधिमंडळ हललं.

आता याच विषयावरचा एखादा थेसिस पाहा. प्रोफॉर्मात प्रश्न असतात: गर्भाशय काढलं आहे का, हो/नाही. गेल्या सहा महिन्यांत कंबरदुखी आहे का, हो/नाही. रेसिडेंट ओसरीवर बसून विचारत असतो आणि समोरची बाई सरळ हो-नाही म्हणत नाही. ती सांगते, की आधी अंगावरून पांढरं जायचं, मग ओटीपोटात दुखायला लागलं. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा झाला की पैसे कापतात, म्हणून सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल. धाकट्या दिराच्या लग्नाची उचल फिटायच्या आत पिशवी काढली, महिन्याभरात परत कोयता हातात घेतला. कंबर? ती लग्नाआधीपासूनच दुखते, मोळ्या तेव्हापासून उचलते; पण आता जास्त दुखते. रेसिडेंट हे सगळं ऐकतो, मान हलवतो, आणि दोन चौकटींत दोन खुणा करतो. हो. हो.

एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरला त्या दोन खुणाच कळतात. टेबलात येतं की शस्त्रक्रिया झालेल्यांत कंबरदुखी जास्त. चर्चेत येतं की शस्त्रक्रियेनंतर हार्मोन कमी होऊन हाडं ठिसूळ होतात. असेलही. पण कंबर कोयत्याने आणि मोळ्यांनी आधीच गेलेली असू शकते, किंवा कंबर आणि ओटीपोट दुखतंय म्हणूनच ती त्या खाजगी दवाखान्यात गेली असेल आणि तिथे पिशवीवर बोट ठेवलं गेलं असेल. पहिल्या शक्यतेत उपाय औषधाचा, दुसऱ्या शक्यतेत कामाच्या पद्धतीचा, तिसऱ्या शक्यतेत त्या दवाखान्यावर कारवाईचा. एकच टेबल, आणि त्यातून तीन वेगळ्या खात्यांना जाणारी तीन पत्रं. बाईने क्रम सांगितला होता. आपल्या कागदात त्याला रकाना नव्हता.

यावर निम्मा उपाय एका भेटीतही होतो, हे मुद्दाम सांगतो. क्रम विचारा. पहिलं मूल कोणत्या साली, ऊसतोडीला पहिल्यांदा कधी गेलात, दुखणं कोणत्या हंगामात सुरू झालं, पिशवी कोणत्या वर्षी काढली. साल आठवलं नाही तर किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर, मोठी मुलगी शाळेत जायला लागली होती का, असं धरून विचारता येतं. आठवणीत गफलत होते, मान्य. तरी हो-नाहीपेक्षा ती बरी. शिवाय काही गोष्टी आजारानंतर येऊच शकत नाहीत: रक्तगट, जन्मक्रम, सिकलसेलचा जनुक, जन्माच्या वेळचं वजन. अशा बाबींत एका भेटीच्या अभ्यासाला क्रमाची अडचण फारशी येत नाही. मार्गदर्शकाने पहिल्याच बैठकीत विचारावं, तुझ्या दोन चलांपैकी आधी कोणतं आलं हे तुला कशावरून कळणार? उत्तर नसेल तर उद्दिष्टातला ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द तिथेच खोडावा.

दुसरी गोष्ट, जी व्हायव्हात विचारली की उमेदवार गडबडतात. आज एखाद्या गावात आजाराचे किती रुग्ण आहेत, हे दोन गोष्टींवर ठरतं: नवे रुग्ण किती वेगाने येतात, आणि आलेले किती काळ रुग्ण म्हणून टिकतात. एचआयव्हीवरची मोफत एआरटी (विषाणूला रोखणारी औषधं) सरकारी केंद्रांतून 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली. औषधामुळे माणसं जगू लागली. जगणारे वाढले की प्रिव्हलन्स, म्हणजे एका वेळी असलेल्या रुग्णांचं प्रमाण, वर राहतो, नवी लागण घटत असली तरी. नुसता प्रिव्हलन्स पाहणाऱ्याला वाटेल की कार्यक्रम फसला.

याची उलट बाजू जास्त दुखरी आहे. विदर्भातल्या एखाद्या आदिवासी वस्तीत सिकलसेलची तपासणी केली आणि चाळिशीपुढे एसएस (दोन्ही पालकांकडून जनुक आलेले) रुग्ण फार कमी निघाले, तर ते बरे झाले नाहीत; त्यातले काही आपण पोचायच्या आधीच गेले. सांख्यिकीतज्ज्ञ नेमन यांनी हा दोष 1955 मध्ये दाखवला होता. क्रॉस-सेक्शनल अभ्यासात सापडतात ते टिकून राहिलेले. पटकन मरणारे सुटतात, पटकन बरे होणारेही सुटतात. तीव्र कुपोषणाचं तसंच आहे. जुलैत सॅम (अतितीव्र कुपोषित) असलेलं मूल जानेवारीत सुधारलेलं असेल, किंवा नसेल. एका दिवसाच्या वजनकाट्यावर वर्षभरात किती मुलं त्या खड्ड्यात पडली, हे कळत नाही, आणि एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) खाटा किती लागतील याचा हिशेब मात्र त्यावरच होतो.

वयाबद्दलही थोडं. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी लोकांच्या बुद्धीच्या चाचण्या पुन्हा घेतल्या. एकाच दिवशी तरुण आणि म्हातारे तपासले, तर वयाबरोबर बुद्धी झपाट्याने उतरते असं दिसायचं. तीच माणसं वर्षानुवर्षं तपासली, तेव्हा उतार बराच उशिरा आणि बराच सौम्य निघाला. फरकाचा मोठा भाग पिढीचा होता: आधीच्या पिढीला शाळा कमी मिळाली होती. आता आपल्याकडचे ज्येष्ठांच्या स्मृतीवरचे थेसिस आठवा. 1951 च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता 9 टक्क्यांच्याही आत होती. त्या काळात शाळेचं वय गेलेल्या आजीच्या हातात आपण एमएमएसईचा (स्मृती आणि आकलनाच्या चाचणीचा) कागद देतो, वाक्य लिहा म्हणतो, शंभरातून सात-सात वजा करा म्हणतो, आणि टेबलाखाली लिहितो ‘वय वाढेल तशी स्मृतीची हानी’. तिने कधी पाटी-पेन्सिल हातात धरली नव्हती. बाजारात मात्र तिला कुणी पैशाला फसवू शकत नाही, हे त्या रेसिडेंटने थांबून पाहिलं असतं तर त्यालाही दिसलं असतं.

दिवस कोणता निवडला, हाही प्रश्न आहेच. दिवाळीनंतर बीड, जालना, पाथर्डीकडच्या गावांत जा, कुलपं दिसतील. प्रोफॉर्मावर ‘हाऊस लॉक्ड’ असा शेरा मारून पुढच्या घरी जायचं असं ठरलेलं असतं, आणि त्यामुळे सगळ्यात कष्टाची माणसं नमुन्यातून आपोआप गळतात. उरतात म्हातारे, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं, आणि ज्यांना कारखान्यावर जावं लागत नाही असे. मोठ्या सर्वेक्षणांनाही हे चुकत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, एनएफएचएस-5 चे, आकडे आले, दर हजार पुरुषांमागे 1020 स्त्रिया, आणि देशात प्रथमच बायका जास्त झाल्याच्या बातम्या झळकल्या. सर्वेक्षणाने घरात आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्यांची मोजणी केली होती. कामासाठी बाहेर राहणारे, वसतिगृहात, बांधकामाच्या साइटवर, बराकीत झोपणारे पुरुष त्या घरांत नव्हते. त्याच सर्वेक्षणात जन्माच्या वेळचं प्रमाण हजारी 929 होतं, त्याच्या बातम्या फार झाल्या नाहीत.

एनएफएचएसचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दोन फेऱ्या शेजारी ठेवल्या की पाठपुरावा झाला, असा समज आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या खुरट्या मुलांचं प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होतं, 2019-21 च्या फेरीत 35.2. ‘परिस्थिती जैसे थे’, असं आपण म्हणतो. पण पहिल्या फेरीतली बहुतेक मुलं दुसऱ्या फेरीपर्यंत पाच वर्षांची होऊन बाहेर पडली. ही वेगळी मुलं आहेत. त्या मधल्या काळात कुठलं मूल सावरलं, कुठलं घसरलं, अंगणवाडीचा आहार मिळालेल्याचं काय झालं, यातलं काहीही या दोन आकड्यांत नाही. समाजाचा कल त्यातून कळतो, आणि त्यासाठी तो आकडा लाखमोलाचा आहे. एका मुलाची वाट त्यातून कळत नाही.

बारीकसारीक वाटेल, पण लिहितोच: लॉजिस्टिक रिग्रेशन (इतर घटकांचा प्रभाव वजा करून संबंध मोजायची पद्धत) केल्याने या अभ्यासात काळ शिरत नाही. ‘अ‍ॅडजस्टेड’ हा शब्द लागला की कारण सापडलं, असा एक भाबडा विश्वास विभागांत पसरला आहे. त्यात भर म्हणजे ऑड्स रेशोचं वाचन. एका गटात रक्तक्षय 60 टक्के आणि दुसऱ्यात 40 टक्के असेल तर प्रमाण दीडपट आहे. ऑड्स रेशो, म्हणजे ‘आहे’ला ‘नाही’ने भागून केलेली तुलना (60/40 भागिले 40/60), येतो 2.25. थेसिसमध्ये लिहिलं जातं ‘सव्वादोन पट धोका’. आपल्याकडे रक्तक्षय, तंबाखू, कमी वजन या गोष्टी इतक्या सर्रास आहेत की तिथे ऑड्स रेशो हमखास फुगतो. प्रिव्हलन्स रेशो (इथला तो दीडपट) काढा. सॉफ्टवेअरला तो येतो. फक्त मागावा लागतो.

आता महाराष्ट्रात याहून वेगळं काय झालं, ते. 1975 साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवरच्या संशोधन संस्थेने काही गावं निवडली; त्यात सोलापूरची शिरापूर आणि कलमण, अकोल्याची कानझरा आणि किनखेड. प्रत्येक गावात 40 कुटुंबं: मजूर, लहान, मध्यम आणि मोठे शेतकरी, प्रत्येकी दहा. गावातच राहणारा अन्वेषक, आणि तीच कुटुंबं वर्षामागून वर्षं. पाऊस पडला तेव्हा काय पेरलं, दुष्काळात काय विकलं, कर्ज कधी काढलं, सगळं ज्या त्या हंगामात लिहिलेलं. अर्थशास्त्रज्ञांना हे सुचलं, आणि गावोगाव प्रशिक्षण केंद्रं असलेल्या आपल्या विभागांना नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

आपल्यातल्याही एकाला सुचलं होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. लग्न झालेल्या, अजून गरोदर नसलेल्या स्त्रियांची नोंद. पाळी चुकली की कळायचं, गरोदरपणाच्या 18 व्या आणि 28 व्या आठवड्यात रक्त, आहार, वजन, शेतातलं आणि घरातलं काम. बाळ जन्मलं की मोजमाप. इथल्या बाळाचं सरासरी वजन 2.7 किलो, तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळाचं 3.5. वजन कमी हे तर कुणीही एका दिवसात सांगितलं असतं. पण या बाळांत स्नायू आणि अवयव कमी भरले होते, चरबी मात्र तितकीशी घटलेली नव्हती. काटकुळं दिसणारं आणि तरी आत चरबी राखून असलेलं बाळ.

मग ती मुलं सहा वर्षांची झाली. पुन्हा तपासली. गरोदरपणी जवळजवळ दोन तृतीयांश आयांचं बी-12 कमी होतं, फोलेटची कमतरता जवळपास कुणालाच नव्हती. ज्यांच्या आईचं फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. हा निष्कर्ष 2008 मध्ये छापून आला. विचार करा, त्याच सहा वर्षांच्या मुलांचा कुणी एका भेटीचा अभ्यास केला असता तर? आईचं रक्त घेता आलं असतं, पण आजचं. 18 व्या आठवड्यातलं रक्त सहा वर्षांपूर्वीच निघून गेलेलं. वजन आणि इन्सुलिनची जोडी लावून ‘मुलांना बाहेरचं खाऊ घालू नका’ अशी शिफारस झाली असती आणि परीक्षकाने पास केलं असतं. पुढे तीच मुलं वयात आली तेव्हा त्यांना बी-12 देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का हे पाहणारा प्रयोगही 2012 पासून त्याच गटावर सुरू झाला. निरीक्षणावरून संशय, संशयावरून प्रयोग, हा रस्ता असा जातो. तरी याज्ञिकांच्या निरीक्षणालाही कारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. प्रयोग त्याचसाठी लागला.

तुम्ही म्हणाल, याज्ञिकांना परदेशी सहकारी होते, निधी होता, तीस वर्षं होती. आमच्या जेआरकडे (ज्युनिअर रेसिडेंटकडे) तीन वर्षं, त्यातले पहिले सहा महिने सिनॉप्सिस आणि एथिक्समध्ये, शेवटचे सहा परीक्षेत, मधल्या काळात इमर्जन्सी ड्युट्या. पैसा त्याच्या खिशातला. हे सगळं खरं आहे. एका रेसिडेंटकडून कोहोर्ट, म्हणजे त्याच माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा, मागणं अन्यायाचं आहे, आणि मी ते मागतही नाही.

मी विभागाकडून मागतो आहे. प्रत्येक महाविद्यालयाला आरएचटीसी आहे, यूएचटीसी आहे, म्हणजे ग्रामीण आणि शहरी आरोग्य प्रशिक्षण केंद्रं. तीच गावं, त्याच वस्त्या, वर्षानुवर्षं. एएनएम आणि आशा ओळखीच्या, सरपंच ओळखीचा. 2021-22 च्या एमबीबीएस बॅचपासून तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम लावला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं, पहिल्या वर्षापासून. पाठपुराव्याचा सांगाडा आयता उभा आहे. त्या भेटींचे कागद जर्नलमध्ये सह्या होऊन कपाटात जातात, आणि पुढची बॅच त्याच दारात उभी राहून त्याच बाईला पुन्हा विचारते, घरात माणसं किती?

तेव्हा एका जेआरचा क्रॉस-सेक्शनल थेसिस हा पुढच्या जेआरचा बेसलाइन समजा. पहिला 30 वर्षांवरच्या सगळ्यांचा रक्तदाब, कंबरेचा घेर, साखर मोजेल आणि प्रिव्हलन्सवर थेसिस लिहील. त्याचं काम तिथे पूर्ण. तीन वर्षांनी दुसरी त्यांच्याच दारी जाईल, आणि पहिल्या वेळी ज्यांचा रक्तदाब नॉर्मल होता त्यांपैकी किती जणांचा वाढला हे लिहील. तिच्याकडे आता इन्सिडन्स (नव्या रुग्णांचं प्रमाण) आहे, क्रम आहे. तिसरा मृत्यू आणि स्थलांतर यांचा माग काढील. कुणालाही तीन वर्षांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही.

याला काही गोष्टी लागतात. पैसा त्यात फारसा नाही, शिस्त लागते. प्रत्येक व्यक्तीला कायमचा क्रमांक. संमतीपत्रात ‘पुढेही भेटायला येऊ’ हे वाक्य, आणि नाही म्हणायची मोकळीक. नावांची यादी आकड्यांपासून वेगळी, विभागाच्या कुलपात. रेसिडेंटच्या पेन ड्राइव्हवर नाही, कारण तो पास होऊन गेला की पेन ड्राइव्हही जातो. रक्तदाब मोजायची पद्धत लिहून ठेवलेली, म्हणजे पहिल्याने बसवून मोजला आणि दुसरीने आडवं करून, असं होणार नाही. आणि गळती. लग्न होऊन मुली जातील, माणसं पुण्याला-सुरतेला जातील, काही कंटाळून दार लावतील. कोहोर्ट हा काही रामबाण नाही. जे सुटतात ते राहिलेल्यांपेक्षा वेगळे असले की पाठपुराव्याचा अभ्यासही फसतो. कोण सुटलं आणि का, हे लिहा. बीडच्या कुलूपबंद घराचा शेजाऱ्याला विचारून ‘कारखान्यावर, मार्चमध्ये येतील’ एवढा शेरा मारला तरी मार्चमध्ये परत जाता येतं.

समित्यांना वेगळी विनंती. आजवर या कल्पनेचा गळा सर्वांत जास्त वेळा तुमच्या एका प्रश्नाने घोटला आहे: ‘हा विषय आधी झालाय, नवीन काय?’ त्याच गावात, त्याच लोकांवर, तोच रक्तदाब पुन्हा मोजणं हेच इथे नवीन आहे. पाठपुराव्याच्या थेसिसला ‘पुनरावृत्ती’ म्हणून परत पाठवू नका. आणि नाशिकला, आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांवर तुमच्यापैकी जे आहेत, त्यांनी सिनॉप्सिसच्या नमुन्यात एक ओळ वाढवून घ्यावी: ‘हा अभ्यास पूर्वीच्या कोणत्या नोंदींवर उभा आहे, आणि पुढच्यासाठी काय ठेवून जाईल?’ जोवर ही सोय होत नाही तोवर निदान एवढं करा, की ‘लिमिटेशन्स’चं पान आधी वाचा आणि ‘रेकमेंडेशन्स’मधली जी शिफारस त्यात बसत नाही ती लाल शाईने कापा. तीन शिफारशी उरल्या तरी चालतील. एकही उरली नाही आणि नुसता स्वच्छ प्रिव्हलन्स उरला, तर मी त्याला चांगले गुण देईन.

पुढच्या बॅचच्या सिनॉप्सिसला अजून अवधी आहे. विभागाच्या बैठकीत जुने थेसिस काढा, त्यात पुन्हा भेटायची संमती घेतलेला आणि यादी शिल्लक असलेला एखादा सापडतो का पाहा, आणि एथिक्स कमिटीला विचारून तो नव्या जेआरच्या हातात द्या. विश्लेषणात अडलात तर मी मदत करीन, मानधन नको. फक्त एक्सेल शीट पाठवताना एका रकान्यात एकच गोष्ट भरा, आणि ‘हो’, ‘होय’, ‘yes’ची सरमिसळ करू नका, पिवळ्या रंगाने रंगवलेल्या ओळींचा अर्थ सॉफ्टवेअरला कळत नाही.

कळावे,
आपला,
जीवसांख्यिकीचा एक शिक्षक